कुलपासाठी घेतलेली बाटली

रौहा कोर्टेलाइनेनच्या नावाचा अर्थ शांती. हे नाव ठेवताना आईवडिलांनी बाळाच्या पहिल्या रडण्याची वाट पाहिली नसावी, असं आमच्या गावात सगळ्यांचं मत होतं. कुणी ते बोलून दाखवत नसे, कारण आमच्याकडे कुणी काहीच बोलून दाखवत नाही. बसमध्ये शेजारी माणूस येऊन बसला तर 'थंडी आहे' एवढं म्हणायला आम्हाला दोन थांबे लागतात, आणि 'आहे' हे उत्तर यायला तिसरा.

अशा गावात रौहा मात्र बोलायची. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती 'मीठ!' म्हणून ओरडली की फाटकाजवळचा कुत्रा उठून बसायचा. चौसष्ट मुलांचं दुपारचं जेवण ती बनवायची आणि मी तिच्या हाताखाली बटाटे सोलायची. अकरा वर्षं सोलले. मी हेल्वी. या गोष्टीत माझी वागणूक फारशी चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नवरा गेल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी रौहा गाडी शिकली. पहिल्या परीक्षेत तिने परीक्षकालाच नीट ताठ बसायला लावलं आणि नापास झाली. दुसऱ्यांदा ती तोंड मिटून बसली, पण गाडीही जागची हलली नाही. तिसऱ्यांदा पास झाली. मग तिने एक मोहरीच्या रंगाची जुनी, दोन दारांची छोटी गाडी घेतली आणि तिला तळहाताच्या फोडासारखं जपायला लागली. माझं घर तिच्याच वाटेवर, तेव्हा रोज सकाळी ती मला घेऊन शाळेत यायची.

आमच्या गावात गाडीला कुलूप कुणी लावत नाही. चोरून नेणार कुठे? एकच रस्ता, आणि त्याच्या दोन्ही टोकांना नातेवाईक. पण रौहा लावायची. दोन्ही दारं, सामान ठेवायचं मागचं दार, आणि मग एकदा फिरून सगळी ओढून बघायची. त्याला कारण होतं.

गाडी घेतली त्या पहिल्याच वर्षी, मार्चमध्ये, दुकानदार आणि पेट्रोलपंपवाला कालेर्वो तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरत होता. पाईक मासे भरपूर मिळाले. आमच्याकडे मासे जास्त झाले की लोक ते दुसऱ्याच्या गाडीत ठेवून निघून जातात, म्हणजे कुणाला आभार मानायची पंचाईत नको. कालेर्वोने एक हातभर लांबीचा पाईक रौहाच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला. तो दगडासारखा गोठलेला होता. पहिल्याच वळणावर तो घसरून सीटखाली गेला आणि मे महिन्यापर्यंत तिथेच राहिला.

मे महिन्यात ऊन पडलं. पहिला आठवडाभर रौहाला वाटलं, तो वास माझा आहे. ती काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलली नाही. फक्त मला एक साबणाची वडी भेट दिली. दुसऱ्या आठवड्यात दुसरी दिली, जास्त सुगंधी. तिसऱ्या आठवड्यात तिची किल्ली सीटखाली पडली, आणि ती उचलायला हात घातल्यावर तिने जी किंकाळी फोडली, ती ऐकून कालेर्वो दुकानाचं शटर ओढून मागच्या मागे जंगलात गेला असं म्हणतात.

तेव्हापासून कुलूप.

आता पंच्याऐंशी सालच्या जानेवारीची गोष्ट. रविवारी अचानक हवा उबदार झाली, म्हणजे शून्याच्या जरा वर गेली, आणि दिवसभर पावसासारखा पाणचट बर्फ पडला. गाड्या निथळल्या. रात्रीतून पारा घसरला तो थेट उणे छत्तीसवर. सोमवारी सकाळी मी रौहाच्या अंगणात पोचले तेव्हा ती गाडीपुढे वाकून उभी होती आणि कुलपाच्या भोकात डोळा लावून कुणाला तरी रागवत होती.

"बाहेर ये," ती म्हणत होती. "मला ठाऊक आहे तू आत आहेस."

"कोण?" मी विचारलं.

"बर्फ. दुसरं कोण?"

किल्ली दोन दात आत जायची आणि थांबायची. पलीकडच्या दाराचीही तीच कथा. रौहाने काडी पेटवून किल्ली तापवली. हातमोजा काढून तापवली, कारण मोज्याने काडी धरता येत नव्हती. मग बोट भाजलं, बोट भाजलं म्हणून किल्ली पडली, किल्ली बर्फात पडली म्हणून ती थंड झाली. हे तीनदा झालं. चौथ्या वेळेला काड्या संपल्या.

मग ती घरात गेली आणि मॅकरोनी घेऊन आली. लांब, पोकळ, नळीसारखी, मंगळवारी आम्ही शाळेत करायचो तीच.

"तोंडाची वाफ," ती म्हणाली. "या नळीतून थेट आत सोडायची. ओठ लोखंडाला लावायचे नाहीत. ओठ लावून चिकटलेला एक माणूस माझ्या आत्याने पाहिला होता."

"मग त्याचं काय झालं?"

"त्याच्याशीच लग्न झालं आत्याचं. पळून जाता आलं नाही त्याला."

ती फुंकायला लागली. गाल फुगवून, डोळे मिटून, दहा मिनिटं. आता आतमध्ये काय घडत होतं हे मला नंतर कळलं: तोंडाच्या वाफेत पाणी असतं, आणि उणे छत्तीसला पाणी कुलपात शिरलं की त्याचं काय होतं हे सांगायला नको. रौहा दमून बाजूला झाली तेव्हा मॅकरोनी कुलपातच गोठून बसली होती. ओढली तर तुटली. चार बोटांएवढा तुकडा बाहेर राहिला. बाजूने पाहिलं तर गाडी तोंडात विडी धरून उभी आहे असं वाटत होतं.

मागच्या दाराचं कुलूप मात्र, का कुणास ठाऊक, एका झटक्यात उघडलं.

रौहाने मागच्या दाराकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. ती अंगाने भरलेली होती, आणि अंगावर दोन स्वेटर, एक लोकरी शाल, जाड कोट आणि त्यावर पट्टा. ती गुडघे टेकून आत चढली, मागच्या सीटवरून पुढे घसरली, आणि थोड्या वेळाने पुढच्या सीटवरून तिचे बूट आधी आणि डोकं मागाहून असं प्रकट झालं. आतून लाथ मारून तिने दार उघडलं.

"बस," ती म्हणाली. "आणि तोंडातून एक अक्षर काढू नकोस."

मी काढलं नाही. शाळेत उतरल्यावर तिने दोन्ही दारं आतले खटके दाबून आणि मागचं किल्लीने पुन्हा कुलूपबंद केलं.

"अगं रौहा," मी न राहवून म्हणाले, "नको ना लावूस. चार दिवस उघडी राहिली तर काय बिघडलं?"

"मासा," रौहा म्हणाली, आणि आत गेली.

मंगळवारी, बुधवारी तेच. दुपारी जेवण उरकून ती अंगणात आली की वर्गांच्या सगळ्या खिडक्यांना नाकं चिकटायची. मॅकरोनीमुळे मुलांनी गाडीचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. मुख्याध्यापकांनी खिडक्यांजवळ उभं राहायला बंदी केली आणि स्वतः नीट दिसावं म्हणून काच पुसून घेतली. गुरुवारी कोटाचा पट्टा मागच्या दाराच्या कडीत अडकला. रौहाचा पुढचा अर्धा भाग गाडीत, मागचा अर्धा बाहेर, आणि मधोमध ती स्वतः, मोठमोठ्याने सूचना देत.

"ढकल, हेल्वी!"

"ढकलतेय!"

"वर नको, पुढे ढकल! तू भाकरीची कणीक मळतेस तशी काय मळतेयस मला!"

"पट्टा अडकलाय!"

"मग काप!"

"कात्री कुठाय?"

"गाडीत!"

"मग तू घे की, तूच आहेस गाडीत!"

वीस मिनिटं गेली. शेवटी पट्टाच तुटला आणि रौहा आत गेली ती थेट पुढच्या काचेपर्यंत. खिडक्यांतून टाळ्या वाजल्या. त्यात एक जोडी मुख्याध्यापकांची होती, असं शपथेवर सांगणारे लोक आहेत.

त्याच संध्याकाळी ती कालेर्वोच्या दुकानात गेली. कुलूप वितळवायच्या औषधाच्या बाटल्या त्याच्याकडे असायच्या, बोटाएवढ्या, पण त्या सोमवारीच संपल्या होत्या. पुढचा ट्रक आठवड्यानं. कालेर्वो त्या पाईकनंतर रौहाशी बोलताना नेहमी गल्ल्याकडे बघून बोलायचा.

"गरम पाणी ओतू नको," तो गल्ल्याला म्हणाला. "तिथेच बर्फ होईल."

"ते मला कळतं. मग काय ओतू?"

"औषधात असतं काय? स्पिरिट. घरात वोडका असली तर घाल थोडी..." एवढं बोलून तो गप्प झाला, कारण आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं.

रौहा आमच्या गावच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस होती. गेली तीस वर्षं. मंडळात नऊ बायका होत्या. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो, कॉफी प्यायचो, वेलची घातलेला गोड पाव खायचो आणि दारूला विरोध करायचो. अध्यक्ष होत्या वाराला बाई. सत्तरी उलटलेल्या, ताठ, पांढऱ्या केसांचा अंबाडा, अर्ध्या गावाला अक्षर शिकवलेल्या. त्यांच्यासमोर चाळिशीतले बापेही टोपी काढून हातात धरायचे.

गावात वोडका कुणाकडे नव्हती असं नाही. पण मंडळाच्या चिटणिसाने दारोदार फिरून वोडका मागायची?

"शहरात जाऊ," रौहा मला म्हणाली. "सरकारी दारूच्या दुकानात. तिथे आपल्याला कोण ओळखतं? उद्या, जेवण उरकल्यावर, एकच्या बसने. तूही चल."

"गाडीने नाही का जायचं?"

"हेल्वी. त्या दुकानासमोर, हातात बाटली घेऊन, मी मागच्या दारातून गाडीत रांगत शिरू?"

हे पटण्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र होती, आणि ती मी बोलले नाही. माझ्या घरी, मैद्याच्या डब्यामागे, अर्धी बाटली वोडका होती. नवऱ्याच्या खोकल्यासाठी. नवरा वर्षातून एकदा खोकायचा आणि बाटली तीनदा बदलायची, पण मी मंडळाची सभासद होते, आणि रौहा चिटणीस. साठ किलोमीटर बसने जाणं मला सोपं वाटलं.

शुक्रवारी रौहाने डोक्याला रुमाल असा गुंडाळला की फक्त नाक दिसत होतं. पण आवाज गुंडाळता येत नाही. शहरातल्या सरकारी दुकानात शिरताच ती कुजबुजली, "कुणाकडे बघू नकोस," आणि रांगेतल्या अकरा जणांनी वळून बघितलं.

सगळे गप्प उभे होते. काउंटरमागे पांढरा कोट घातलेला माणूस, औषधाच्या दुकानासारखा. रांग सरकत होती. आमच्या पुढे एक बारीक, ताठ बाई उभी होती, करड्या कोटातली, मानेपर्यंत मफलर. तिचा नंबर आला.

"काय देऊ?"

"नेहमीचीच," बाई म्हणाल्या.

तो आवाज मी लगेच ओळखला. दुसरी इयत्ता, पाढे, खडूचा वास, सगळं एकदम आठवलं.

"वाराला बाई!" रौहाने हाक मारली. कुजबुजून नव्हे.

बाई सावकाश वळल्या. त्यांच्या हातात क्लाउडबेरी या पिवळ्या रानफळाच्या गोड दारूची निमुळती बाटली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग पुन्हा आमच्याकडे. माझा हात आपोआप टोपी काढायला वर गेला.

"रौहा," बाई म्हणाल्या. "तू इथे?"

"कुलपासाठी," रौहा म्हणाली. "गाडीचं कुलूप गोठलंय. त्यात घालायला."

"हो," बाई म्हणाल्या. "मीही. कुलपासाठीच."

रौहा विचारात पडली. तिचं असं आहे की विचार डोक्यात आला की तो तोंडाबाहेर पडेपर्यंत तिला चैन पडत नाही.

"पण बाई, तुमच्याकडे गाडी कुठाय?"

"लाकडांच्या खोपटाचं कुलूप."

"गोड दारू घालता त्यात?"

बाईंनी हनुवटी वर केली. "जुनं कुलूप आहे. गोडीगुलाबीनेच घ्यावं लागतं."

काउंटरवरच्या माणसाने रौहाकडे मान वळवली. "आणि तुम्हाला?"

"सगळ्यात कडक असेल ती. पिण्यासाठी नाही. कुलपासाठी."

"समजलं," तो म्हणाला आणि मागच्या फळीवरून वोडकाची बाटली काढली. "या आठवड्यात सगळ्यांचीच कुलपं गोठली आहेत. सकाळी एक पाद्रीसाहेब येऊन गेले, त्यांची दोन होती."

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघी एका ओळीत बसलो. पिशव्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला पिशव्या किणकिणायच्या, आणि प्रत्येक किणकिणाटाला रौहा खोकायची. साठ किलोमीटर कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या गावातल्या इतर लोकांसाठी तो अगदी साधा प्रवास झाला असता. रौहासाठी तो आजार होता. ती लाल झाली होती.

साडेचारला बस शाळेपाशी थांबली. अंधार पडून दोन तास झाले होते आणि पारा उणे अडतीसवर होता. अंगणात दिव्याखाली मोहरी रंगाची गाडी उभी होती, तोंडात विडी धरून. वाराला बाई घरी न जाता आमच्यामागून अंगणात आल्या. चपळाईने रौहाने मॅकरोनीचा तुकडा चाकूने खरवडून काढला, बाटलीचं बूच उघडलं, मान फिरवून श्वास रोखला आणि कुलपात वोडका ओतली. भरपूर ओतली. अर्धी दारावरून ओघळली.

आम्ही वाट पाहिली.

रौहाने किल्ली घातली. एक दात आत. मग एकही नाही. तिने बॅटरी लावून भोकात पाहिलं. दारावर ओघळलेली वोडका काचेसारखी घट्ट होऊन खाली टोकदार लोंबत होती.

"ही गोठलीये," रौहा म्हणाली. "दारू गोठलीये!"

"वोडका उणे सत्तावीसच्या आसपास गोठायला लागते," वाराला बाई म्हणाल्या. "आज अडतीस आहे. तुला स्पिरिट हवं होतं, जवळजवळ शुद्ध. बस सुटल्यापासून सांगणार होते, पण कुठल्या तोंडाने सांगू?"

रौहाने बाटली उंच धरली. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. एखाद्या धर्मोपदेशकाला अखेर पुरावा सापडावा तसा तो उजळला होता.

"तीस वर्षं!" ती गरजली. "तीस वर्षं मी या गावाला सांगतेय, दारूने कुणाचं भलं होत नाही! कुलपाचंसुद्धा नाही!"

फाटकाजवळचा कुत्रा उठून बसला.

"आता मागच्या दाराने?" मी विचारलं.

"मुळीच नाही. आज मी पुढच्या दारानेच आत जाणार. मग पहाट झाली तरी चालेल." तिने स्वयंपाकघराची किल्ली काढली. तेवढं एक कुलूप चालत होतं. "हेल्वी, चूल पेटव. मोठं पातेलं ठेव. जी गोष्ट मला येते तीच मी आधी करायला हवी होती."

आणि तिने सोमवारच्या सूपसाठी ठेवलेले बटाटे आणून पाण्यात टाकले, सालीसकट.

बटाटे शिजायला वेळ लागतो. आम्ही तिघी चुलीभोवती बसलो. रौहाने कॉफी केली. वाराला बाई बराच वेळ कपाकडे पाहत होत्या.

"खोपटाला कुलूप नाही," त्या म्हणाल्या.

रौहाने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"दर शनिवारी. सॉनाच्या गरम वाफेतून आल्यावर. एवढासा पेला." त्यांनी दोन बोटांनी माप दाखवलं. "बहीण होती तेव्हा आम्ही दोघी मिळून घ्यायचो. ती गेली एकसष्ट साली. मग मी एकटीच घेते. पण पेले दोन मांडते. मी उद्या अध्यक्षपदाचा राजीनामा देते, रौहा. तू लिहून घे."

चूल धडधडत होती. रौहाने आणखी एक लाकूड आत सारलं. तिचे वडील कसे होते हे मला थोडंफार ठाऊक होतं. हिवाळ्यात ते घरी आले की आई दोन्ही मुलींना गोठ्यात गाईजवळ झोपवायची. ते रौहाने मला एकदाच, बीट किसताना, सांगितलं होतं. त्यामुळे ती आता काय बोलेल याची मला धास्ती वाटत होती.

"राजीनामा नको," ती अखेर म्हणाली. आवाज हळू होता, म्हणजे आपल्या-तुमच्यासारखा. "मंडळाच्या पत्रांवर तुमचं नाव छापलंय. अजून चारशे कागद शिल्लक आहेत."

"पण रौहा—"

"माझा बाप पेला मांडायचा नाही, बाई. तुम्ही मांडता. ते वेगळं आहे. कसं वेगळं आहे ते मला आत्ता सांगता येत नाही, पण आहे." मग तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. "निदान आपली हेल्वी तरी सरळ आहे."

मी बटाट्यांकडे पाहत होते. बटाटे माझ्याकडे पाहत होते.

"रौहा," मी म्हणाले, "माझ्या घरी मैद्याच्या डब्यामागे अर्धी बाटली वोडका आहे."

"केव्हापासून?"

"म्हणजे... नेहमीच असते."

"काल होती?"

"होती."

"काल! काल होती! आणि आज आपण साठ किलोमीटर—मी डोक्याला रुमाल गुंडाळून—रांगेत—" तिच्या हातात डाव होता. तो तिने उचलला, आणि मी टेबलाच्या पलीकडे गेले. "साठ जायचे आणि साठ यायचे, हेल्वी! एकशे वीस!"

"पण ती गोठलीच असती गं!"

हे ऐकून वाराला बाई हसायला लागल्या. त्या हसताना कशा दिसतात हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचा अंबाडा सुटला. मग रौहाही हसायला लागली, डाव हातात तसाच, आणि तिचं हसणं ऐकून मी टेबलाच्या अलीकडे आले.

बटाटे शिजले. त्यानंतर जे झालं ते पद्धतशीर झालं. मी चुलीपाशी, वाराला बाई दारात, रौहा गाडीपाशी. मी उकळता बटाटा चिमट्याने काढून लोकरी हातमोज्यात घालायची, बाई तो मोजा घेऊन अंगण ओलांडायच्या, रौहा तो कुलपावर दाबून धरायची. बाहेर बटाटा चार मिनिटं टिकायचा. गार झाला की परत, दुसरा मोजा बाहेर. कोट, शाल आणि सुटलेले केस अशा अवतारात बाई बर्फातून तुरुतुरु पळत होत्या आणि प्रत्येक बटाट्याचा आकडा मोठ्याने म्हणत होत्या, वर्गात म्हणायच्या तसा.

"नऊ!"

"ओलसर झालंय!" रौहा ओरडायची. "अजून आणा!"

"दहा!"

बाराव्या बटाट्याला किल्ली तिसऱ्या दातापर्यंत गेली. चौदाव्याला कुलपातून टक् असा आवाज आला. रौहाने दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग एखाद्या राणीसारखी, पाय आधी न टाकता, माणसासारखी गाडीत बसली. कुलपात शिवणयंत्राचं तेल सोडून तिने आम्हा दोघींना घरी पोचवलं. बाईंच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा त्या आपली पिशवी गाडीतच विसरून चालल्या होत्या. रौहाने काच खाली करून पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "बाई! तुमचं खोपट राहिलं!"

ते चौदा बटाटे सोमवारच्या सूपमध्ये गेले. एकाही मुलाने तक्रार केली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी मंडळाची सभा झाली. वाराला बाई उठून उभ्या राहिल्या आणि शनिवारच्या पेल्याची गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. मग मी माझ्या मैद्याच्या डब्याची सांगितली. मग तेल्मा म्हणाली की तिच्याकडे ती शिवणाच्या टोपलीत असते. पोस्टातल्या आइलीने पियानोचं नाव घेतलं. अर्ध्या तासात असं निघालं की नऊपैकी आठ जणींकडे कुठे ना कुठे बाटली आहे, आणि दारूबंदी मंडळात दारू न पिणारी बाई एकच आहे.

रौहाच्या हातात पेन होतं. इतिवृत्त तीच लिहायची.

"म्हणजे तीस वर्षं," ती म्हणाली, "मी एकटीच मंडळ चालवत होते?"

आठही जणींनी एकदम पावाकडे हात नेला.

"बरं," रौहाने पेन कागदावर टेकवलं. "मग ठराव करू. अतिरेकाला विरोध. अतिरेक म्हणजे किती, ते मी ठरवणार. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. पावाची दुसरी थाळी फिरली. खोलीतली शेगडी पेटवलेलीच होती, ती वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

पुढे रौहाने चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत गाडी चालवली. त्यातली बरीच वर्षं, वाराला बाई होत्या तोवर, महिन्यातून एका शुक्रवारी ती त्यांना शहरात घेऊन जायची. बाईंचे गुडघे दुखायचे आणि बसची पायरी उंच होती. सरकारी दुकानासमोर गाडी लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि आत बसून मोजे विणायचे, असा रौहाचा नेम होता. ती स्वतः पुन्हा कधी त्या दुकानात गेली नाही. एकदा एक पोलीस काचेवर टिचकी मारून म्हणाला, इथे गाडी उभी करायला मनाई आहे.

"मी माझ्या बाईंची वाट बघतेय," रौहा त्याला म्हणाली. "त्यांना ढिगाने माणसं ओळखतात, त्यामुळे वेळ लागतो. तुम्ही कुणाकडे शिकलात?"

पोलिसाने नाव सांगितलं. ते वाराला बाईंचंच होतं. त्याने टोपी काढून हातात धरली, आणि बाई बाहेर येईपर्यंत तसाच गाडीशेजारी उभा राहिला.